दर हाताला खरखर किती

वायरलेसनानांचा डावा कान कामातून गेलेला होता आणि उजव्याने त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येई. तरीही अख्ख्या रत्नागिरीत ऐकण्याची विद्या जाणणारा माणूस आपण एकटेच, असं ते मांडवीच्या धक्क्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत. नम्रता त्यांच्या वाऱ्यालाही कधी उभी राहिली नव्हती. "मास्तर, कान काय, बैलाला पन हायत," ते मला म्हणत, "कानाचा तोंड आवळता यायला पायजे." आणि गंमत अशी, की फुशारक्या मारणारा हा माणूस बहुतेक वेळा बरोबर असे. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नसे.

नाना मूळचे दाभोळचे. घरची मासेमारी सोडून ते तरुणपणीच मालवाहू बोटीवर चढले आणि फिरत फिरत तिथल्या वायरलेसच्या खोलीत साफसफाईला लागले. त्या खोलीतला गोरा साहेब दुपारच्या पेल्यानंतर पेंगायचा. कानाला लावायचं यंत्र तो नानांच्या डोक्यावर चढवायचा आणि सांगायचा, टकटक आली की मला हलव. त्या टकटकीचा अर्थ नानांना पुरता कळत नसे. पण खरखरीच्या पोटात कुठे टकटक आहे की नाही, हे त्यांना साहेबाच्या आधी कळू लागलं. वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं. मग एका वादळात वीज कडाडली, त्या यंत्रातून असा काही आवाज आला की डावा कान तिथेच संपला. "बोट सुटली, पन वीज अजून हितंच बिऱ्हाडाला हाय," असं म्हणून ते कानशिलावर टिचकी मारत. पुन्हा म्हणून बोटीत पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊन ते मांडवीला घर करून राहिले होते. समुद्राच्या काठावर बसून समुद्राशी अबोला धरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्या दिवसांत मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि संध्याकाळी गावातल्या एका वाचनालयाची चिटणिशी करत होतो. मुंबईला रेडिओचं स्टेशन सुरू होऊन काही वर्षं झाली होती. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव वकीलसाहेब म्हणे, एकदा हायकोर्टाच्या कामासाठी मुंबईला गेले आणि रेडिओचं वेड घेऊन परत आले. सभासदांच्या मागे लागून त्यांनी वर्गणी जमवली आणि मोठ्या कर्ण्याचा एक सेट बोटीने मागवला. गावात वीज नव्हती, म्हणून बॅटरी मोटारीच्या ग्यारेजात नेऊन भरून आणावी लागे. सेट टेबलावर बसला, नारळ फुटला, आणि आमच्या शिपायाने रीतसर गाऱ्हाणंही घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पेटीत जो कोन बोलनार हाय त्याला वाचा दे रे म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" केलं. वकीलसाहेबांनी खुंटी पिळली. कर्ण्यातून भजी तळल्यासारखा आवाज सुरू झाला आणि बॅटरी उतरेपर्यंत तो काही थांबला नाही. त्या भज्यांच्या मागे कोणीतरी माणूस बोलत असावा, असा अधूनमधून संशय तेवढा येई.

उपाय सुचवण्यात रत्नागिरीकराचा हात धरणारा नाही. पहिलं निदान निघालं की आवाज पकडणारी तार फार बुटकी आहे. ती उंच न्यायची म्हणजे माड आलाच. वकीलसाहेबांनी परसातल्या सर्वांत उंच माडाचं नाव पुढे केलं. शेजाऱ्याने आपला माड त्याहून उंच असल्याचा दावा लावला. दोघांच्या वादात बांधाचा एक जुना तंटा उकरून निघाला आणि माडावर चढायला बोलावलेला गडी दुपारभर खाली पान खात बसला. अखेर तार वर गेली. माणसाचा आवाज जरा मोठा झाला, पण भजीही मोठ्या कढईत तळली जाऊ लागली. मग दुसरं निदान झालं की सेटला जोर कमी पडतो. जोर वाढवणारी एक जोडपेटी मुंबईहून आली आणि आमची खरखर थेट बंदराच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाऊ लागली. सभासद वर्तमानपत्रं घरी नेऊन वाचू लागले. सेट विकून टाकावा, असा ठराव कमिटीपुढे आला आणि वकीलसाहेब, जे कोर्टात हरल्यावरही मिशीवर ताव देत बाहेर पडायचे, ते त्या दिवशी खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्याच संध्याकाळी नाना वाचनालयाच्या पायऱ्या चढून आले. तोवर ते कधी आमच्याकडे फिरकले नव्हते, कारण वाचण्याशी त्यांचा संबंध नव्हता. दारातूनच त्यांनी विचारलं, "कोन बुडतोय हितं?" वकीलसाहेब म्हणाले, "आम्हीच. येताय का काढायला?" नाना टेबलापाशी आले, उजवा कान कर्ण्यात जवळजवळ घातला आणि खो खो हसत सुटले.

"तुमी काय केलात सांगू? सगळी खाडी भरून डोल लावलीत," ते म्हणाले. डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. दाभोळच्या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगायला डोलीपेक्षा दुसरं काही लागत नाही. "मासा जातोय एवढ्याशा पट्ट्यातनं. पन कचरा कुटं जातो? सगळीकडनं. ह्या हातभर पान्यात जेवडा कचरा, बाजूच्या हातभर पान्यात तेवडाच. तुमी डोलीचा तोंड धा हात उगडलात तर धा हातांचा कचरा येनार. मासा तेवडाच."

"पण आम्ही तार उंच केली, जोर वाढवला," वकीलसाहेबांनी बाजू मांडली.

"म्हंजे डोल नेटानं वडलीत. मासा पन आला नेटानं, कचरा पन आला नेटानं. काय उपेग? एकूण खरखर किती ता इचारू नका, वकीलसाहेब. दर हाताला किती, ता इचारा. ती आपल्या हातात नाय. डोलीचा तोंड केवडा ठेवायचा, ता आपल्या हातात."

सेटला दोन खुंट्या होत्या. एकीने स्टेशन मिळे. दुसरीने आवाज वाढतो अशी आमची समजूत होती आणि ती खोटीही नव्हती. पण ती खुंटी सावकाश पिळत अगदी शेवटाशी नेली की सेट त्या एका स्टेशनाला घट्ट धरून बसे आणि आजूबाजूचं आत घेईनासा होई. केसभर पुढे गेली तर मात्र कर्ण्यातून कानठळ्या बसवणारी शीळ निघे. नानांनी जाडजूड बोटांनी ती खुंटी अशी फिरवली, की जणू तान्ह्या पोराची कूस बदलत होते. भजी हळूहळू विझली आणि मुंबईचा एक माणूस आमच्या टेबलावर बसून कापसाचे भाव सांगू लागला. ठराव बारगळला. वकीलसाहेबांनी नानांना तिथल्या तिथे फुकट सभासद करून टाकलं.

त्या दिवसापासून 'दर हाताला किती' हा नानांचा मंत्र आमच्या मानगुटीवर बसला. कोणी म्हणालं की यंदा गावात आजार फार, तर नाना विचारत, "दर घरटी किती?" एकदा वकीलसाहेब चिडून म्हणाले, "सगळं गाव माझी निंदा करतंय." नाना शांतपणे म्हणाले, "दर मानशी किती पडली?" वकीलसाहेबांनी हिशेब करून पाहिला असावा, कारण ते हसू लागले. मी स्वतः तेव्हा वर्गातल्या गोंगाटाने मेटाकुटीला आलो होतो. नाना म्हणाले, "सगळा वर्ग कशाला ऐकतास मास्तर? एका पोराचा ऐका. मग दुसऱ्याचा." मी ते करून पाहिलं आणि निवृत्त होईपर्यंत तसंच करत राहिलो.

पण नाना चुकत नसत असं कोणी समजू नये. एकदा मुंबईहून एका विद्वानांचं व्याख्यान होतं. वकीलसाहेबांनी गावातली बडी मंडळी बोलावली. नानांनी खुंटी पिळत पिळत अशी आवळली की खरखर पार नाहीशी झाली, आणि समाधानाने मान डोलावत ते बसून राहिले. इकडे व्याख्याते घोंगडीत गुंडाळल्यासारखे बोलत होते. शब्दांच्या कडा गेलेल्या, नुसताच घुमारा उरलेला. "नाना, माणूस बोलतोय का विहिरीत पडलाय?" वकीलसाहेब ओरडले. नाना म्हणाले, "वा! कसा सोच्छ येतोय!" मंडळी कुजबुजत उठून गेली. नंतर मी नानांना समजावून सांगितलं. खुंटी फार आवळली की खरखरीबरोबर वरचे, बारीक सूरही जात, आणि ते सूर त्यांच्या कानात मुळी शिरतच नव्हते. त्यांना उघडं आणि आवळलेलं सारखंच वाटत होतं. "म्हंजे माज्याच डोलीचा तोंड गेला आवळून," ते म्हणाले आणि काठी घेऊन निघून गेले. त्या महिन्यात ते फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटलं. फुशारकी नसलेले नाना कसे दिसतात ते मी तेव्हा पाहिलं, आणि पुन्हा पाहावं लागू नये असं वाटलं.

ते परत आले ते काहीच घडलं नसल्यासारखे. फक्त एक सवय बदलली होती. आता खुंटी हातात असताना ते कर्ण्याला कान लावत नसत. ऐकणाऱ्या मंडळींकडे तोंड करून बसत. मला वाटलं, मान मिळावा म्हणून हे नवीन थाटमाट.

आमच्या घरी भागी नावाची एक बाई भाजी घेऊन येई. हातखंब्याकडच्या एका वाडीतून डोक्यावर टोपली घेऊन ती पहाटेच निघायची. श्रावणात तिच्या टोपलीत टाकळा, भारंगी असल्या रानभाज्या असत आणि तोंडात तिखट बोलणं. त्या वर्षी मात्र ती मुकाट्याने भाजी मोजून देई. माझ्या बायकोने खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. भावाशी भांडून त्याने गाववाल्यांची सामाईक खोली सोडली आणि त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. कोणी म्हणे मेला, कोणी म्हणे दुसरीकडे संसार थाटला. आता दीर म्हणत होता, तू माहेरी जा, भाताची जमीन मी बघतो. गणपती झाले की गावकी याचा निवाडा करायला बसणार होती. शिमग्याला मुंबईहून आलेल्या एकाने एवढंच सांगितलं होतं, की परळकडच्या कुठल्याशा भजनी मंडळात त्याच्यासारखा एक माणूस पखवाज वाजवताना दिसला. पावसाळ्यात बोटी बंद. मुंबईला जाऊन बघणार कोण आणि कुठे?

मी वाचनालयात येणाऱ्या कार्यक्रमाच्या कागदावर वाचलं होतं की गोकुळाष्टमीला संध्याकाळी परळच्या गिरणीकामगारांच्या एका मंडळाचं भजन आहे. ते मंडळ हेच असेल कशावरून? तरी मी भागीला सांगितलं, अष्टमीला वाचनालयात ये.

ती आली. मागच्या भिंतीला टेकून अंग चोरून बसली. भजन म्हणून त्या दिवशी सभासदांच्या घरची माणसंही आली होती, हॉल भरला होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आकाश गुरगुरत होतं, म्हणजे रेडिओला सगळ्यांत वाईट दिवस. वकीलसाहेबांनी तिला जवळ बोलावून विचारलं, "नवऱ्याचं नाव काय तुझ्या? स्टेशनाला लिहून विचारतो." भागी खाली बघत राहिली. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार! "अगं, नाव नाही सांगितलंस तर शोधायचा कसा?" वकीलसाहेब वैतागले.

"नाव ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले. "बाय माजे, खून सांग. त्याला वळखायची खून काय?"

भागीने पदर सारखा केला. "ते एक थाप उशिरा मारतात," ती म्हणाली. "अभंग संपला, समदी थांबली, की मग एक थाप. मुद्दाम. बुवा शिव्या घालायचा तरी मारायचे."

भजन सुरू झालं. नानांनी सगळ्यांसाठी म्हणून खुंटी जरा सैल ठेवली होती. झांजा सुरू झाल्या मात्र, आणि झांजा कुठल्या व खरखर कुठली हे कोणालाच कळेना. खरखरीला ताल लागल्यासारखं वाटत होतं. पहिला अभंग संपला. भागीने मान हलवली. "पावसाचा आवाज येतोय नुसता," ती म्हणाली.

नानांनी खुंटी हातात धरली आणि वकीलसाहेबांकडे पाहिलं. "आवळली तर झांजा जातील, शब्द जातील. खाली पखवाज राहील. एवढी मंडळी आलीत भजनाला..." एरवी कोणालाही न विचारणारे नाना विचारत होते. त्यांना ते व्याख्यान आठवत असणार.

वकीलसाहेब उठून उभे राहिले. "आवळा," ते म्हणाले. "अभंग आम्हाला सगळ्यांना पाठ आहेत नाना. तिचा नवरा कोणाला पाठ आहे?" त्या माणसाने आयुष्यात किती खटले जिंकले ठाऊक नाही, पण माझ्या मनात त्यांची जागा त्या वाक्याने कायमची झाली.

दुसऱ्या अभंगाला नानांनी आवळायला घेतलं. बाहेर वीज चमकली, हात हलला आणि शीळ निघाली. ती आटोक्यात येईपर्यंत अभंग संपून गेला होता. भागीचे डोळे भरून आले होते. कर्ण्यातला माणूस म्हणाला की आता शेवटचा अभंग.

नानांनी पाठ कर्ण्याकडे केली. खुंटी मागे हात नेऊन धरली आणि समोर भागीकडे बघत बसले. हळूहळू झांजा कापडात गुंडाळल्यासारख्या झाल्या, मग गेल्या. बुवांचा आवाज रांजणातून यावा तसा येऊ लागला. शब्द नव्हते, चाल होती, आणि चालीखाली पखवाज होता. भोवतीची खरखर इतकी बारीक झाली होती की छपरावरचा पाऊस तिच्याहून मोठा वाटत होता. मंडळींपैकी काहींनी आपोआप शब्द म्हणायला सुरुवात केली आणि लगेच थांबून घेतलं. अभंग चढला, धावला, आणि सगळं एकदम थांबलं.

आणि मग, सगळं थांबल्यावर, एक थाप पडली.

हलकी होती. मला ती आली असं वाटलं आणि नाही असंही वाटलं. भागी मात्र उभी राहिली होती. तोंडावर पदर दाबून ती हसत होती की रडत होती ते सांगता येत नव्हतं. "उशिराच मारलान," ती म्हणाली. "मेला अजून सुदारलेला नाय!"

सगळा हॉल हसला. मीही हसलो आणि मला चष्मा पुसावा लागला.

गावकी बसली तेव्हा वकीलसाहेब स्वतः हातखंब्याला गेले, नानांना साक्षीदार म्हणून आणि मला उगाच सोबत म्हणून घेऊन. देवळाच्या मंडपात गावकऱ्यांपुढे त्यांनी असं काही भाषण केलं की माणसाची सही खोटी करता येते पण उशिराची थाप खोटी करता येत नाही. दीर म्हणाला, "पेटीतल्या आवाजावर गावकी चालायची काय?" मग वकीलसाहेबांनी नानांना पुढे केलं. "हे बोटीवरचे वायरलेसवाले. सांगा नाना, थाप ऐकलीत ना तुम्ही?"

नाना म्हणाले, "नाय."

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला.

"खरा सांगतो," नाना म्हणाले. "मना त्यातला काय नीट ऐकू येत नाय आता. मी खुंटी फिरवत व्हतो ती हिच्या तोंडाकडं बघून. तोंड मिटला की उलटी फिरवायची, तोंड उजळला की तितं थांबायचा. मी थाप ऐकली नाय. हिला थाप ऐकताना बघितला. आनी मी लई मानसं ऐकताना बघितलीत आता. खोटा ऐकनारा मानूस असा दिसत नाय."

नाना असं काही चारचौघांत कबूल करतील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांच्या बदललेल्या बैठकीचा अर्थ मला तेव्हा कळला. गावकर, म्हणजे गावकीतला सगळ्यांत वयस्क माणूस, बराच वेळ तंबाखू चोळत होता. मग त्याने भागीला विचारलं, "किती उशिरा मारलान?"

भागी पुढे आली. खाली बसली. तळहाताने जमिनीवर ठेका धरला, थांबली, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि मग एक थाप मारली.

सगळा मंडप एकदम हसू लागला. दीरसुद्धा हसला आणि मग हसू दाबायला लागला. त्या वाडीतल्या प्रत्येक भजनात ती थाप पडली होती आणि प्रत्येकाने तिला शिव्या घातल्या होत्या. "तोच हाय," गावकर म्हणाला. "घर तिचा, जमीन तिची, त्याला आनायची वेवस्था करा."

वकीलसाहेबांनी स्टेशनाकडून मंडळाचा पत्ता मागवला. बोटी सुरू झाल्यावर वाडीतला एक जण जाऊन त्याला घेऊन आला. गिरणीतलं काम सुटलं होतं, हात रिकामे होते, तोंड दाखवायची लाज वाटत होती, एवढंच कारण. दिवाळीच्या आधी भागी पुन्हा तिखट बोलू लागली आणि माझ्या बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. पहिल्या दिवशी भागीचा नवरा तिच्यामागून टोपली डोक्यावर घेऊन आला होता. मी त्याचं नाव विचारलं. भागीने माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घेतला. आजही मला ते ठाऊक नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली. चांगले सेट आले, खुंट्या आवळायची गरज राहिली नाही. वाचनालयात कोणीही रेडिओ लावी आणि तो चक्क बोले. नानांचा उजवा कानही हळूहळू मिटत गेला. ते रोज यायचे, पण आता कर्ण्याकडे ढुंकूनही न बघता ऐकणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत बसायचे. "आज बातमी बरी नाय," ते म्हणत, किंवा "गानारी चांगली हाय काय हो आज?" बहुतेक वेळा ते बरोबर असत. मला वाटतं, इतकं लक्ष देऊन आमच्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर बसलं की आपणही जरा बरं ऐकू लागत असू.

शेवटी दाभोळची भाची त्यांना न्यायला आली. एकट्याने राहण्याजोगे ते उरले नव्हते. बोटीने सरळ गेले असते, पण शपथ होती. म्हणून मोटारीने हातखंबा, तिथून चिपळूण, असा सगळा द्राविडी प्राणायाम करायचा ठरला. मी हातखंब्यापर्यंत पोचवायला निघालो. वाटेत बोलून उपयोग नव्हता, कारण मोटारीचा खडखडाट होता आणि त्यांना तोही ऐकू येत नव्हता. मी नुसता त्यांचा हात धरून बसलो. मला त्या माणसाचा फार लळा लागला होता आणि ते त्यांना कधी सांगायचं राहून गेलं होतं.

हातखंब्याला मोटार थांबली तर झाडाखाली भागी आणि तिचा नवरा उभे. त्याच्या गळ्यात पखवाज होता. भागीने नानांच्या पाया पडून एक फणस गाडीत ठेवला. नवरा काही न बोलता रस्त्याच्या कडेला बसला आणि वाजवू लागला. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं, वर उतारू घाई करत होते, एक कोंबडी कोणाच्या तरी टोपलीतून ओरडत होती. त्या कालव्यात मलाही पखवाज धड ऐकू येत नव्हता.

नानांनी खिडकीतून मान बाहेर काढली. पखवाजाकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते भागीच्या तोंडाकडे बघत होते. नवऱ्याचे हात थांबले. मोटार हलली. भागीच्या तोंडावर क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग हसू फुटलं.

"उशिराच मारलान ना?" नाना खिडकीतून ओरडले.